रामलिंगअप्पांचा तंबू

किल्लारीत रामलिंगअप्पांचं घर विचारलं की माणूस आधी हसतो आणि मग रस्ता दाखवतो. "ते काय, सोयाबीन घरात अन् माणसं भायेर, तेच घर!" यात खोटं काहीच नाही. भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा अप्पांनाही दोन खोल्यांचं पक्कं घर मिळालं, वर स्लॅब, खाली फरशी. त्या घरात आजवर सोयाबीन निजलं, तूर निजली, पेंडीची पोती निजली, पाहुणेरावळेसुद्धा निजले. अप्पा आणि सिंधुबाई मात्र समोरच्या पत्र्याच्या शेडात. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापतो की खाली बसवत नाही आणि पावसात असा वाजतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. तरी मुक्काम तिथंच.

कारण सगळ्या गावाला पाठ होतं. सिंधुबाईंना स्लॅबखाली झोप लागत नाही. भूकंप झाला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जुन्या गावातलं माळवद खाली आलं, सासू गेली, नवऱ्याला या बाईनं हातांनी माती उपसून बाहेर काढलं. तेव्हापासून छपराची धास्ती घेतली ती घेतलीच. सुरुवातीला असं पुष्कळांचं होतं, निम्मं गाव अंगणात झोपायचं. मग लेकरं झाली, टीव्ही आले, कूलर आले आणि एकेक घर आत सरकत गेलं. राहिलं हे एकच.

"आता बायको भायेर अन् मी आत पलंगावर, बरं दिसतं का ते?" असं अप्पा पारावर सांगायचे. त्यामुळे बायकांत अप्पांना भलता मान. नवऱ्यानं जरा हेका धरला की बायका म्हणणार, "बगा जरा त्या रामलिंगअप्पाकडं! बायकोपायी जल्म पत्र्याखाली काढला माणसानं." अप्पांच्या कानावर हे यायचं आणि अप्पा मिशीतल्या मिशीत खूश व्हायचे. कोण नाही होणार?

तसे अप्पा काही साधंसुधं प्रकरण नव्हे. किल्लारी ते लातूर कमांडर जीप चालवण्यात उमर गेली. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, टपावर गाद्या नाहीतर कोंबड्यांची खुराडी. रागीट इतके की क्लच जोरात दाबल्याबद्दल स्वतःच्याच पायाला शिवी घालतील. पण राग फार वेळ टिकायचा नाही. आणि चिकित्सक! वस्तू घ्यायला अप्पा आले की दुकानदारानं दुपारचं जेवण विसरावं. एकदा सिंधुबाईंसाठी कुकर घ्यायचा होता तर अप्पांनी दुकानाच्या पायरीवरच त्यात भात लावायला लावला होता. भात शिजला, अप्पांनी चाखला, मग म्हणाले, "शिट्टीचा आवाज बारीक हाय, दुसरा दाखवा."

अशा या अप्पांवर गेल्या वैशाखात बाका प्रसंग आला.

त्यांची एकुलती एक लेक पुनम किनवटला आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. जावई शिवम एस.टी.त कंडक्टर. पुनमला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सिंधुबाईंनी डिंक, खारीक, बाळंतशेपा, सगळं भरून ठेवलं. सातवा सरला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिचं बी.पी. वर जातंय, एवढा लांबचा प्रवास नको. किनवट म्हणजे काय जवळ आहे? किल्लारीहून निघालं की लातूर, अहमदपूर, नांदेड, भोकर करत दिवस मोडतो.

"मग आईनंच यावं की इकडं," पुनम फोनवर म्हणाली. "मुली सुट्टीला गेल्यात, सगळी शाळा रिकामी हाय. शिवमची मुक्कामी गाडी असली की मी एकटीच असते, अप्पा. मला भ्या वाटतं."

"अगं पण तुझं क्वार्टर स्लॅबचं!"

"मग काय करू? पाडू?"

"तुझ्या आईला ठाव हाय ना तुला. ती कशी राहील तिथं म्हैना-दोन म्हैने?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुनम रडू दाबत म्हणाली, "बरं. ऱ्हाऊ द्या मग. होते मी एकटीच बाळंत." आणि फोन ठेवला.

अप्पांनी फोन खिशात टाकला, पण मनातून पोर जाईना. ही पोर त्याच पत्र्याखाली वाढली, कधी कुठला हट्ट केला नाही, शेजारच्या मुली पंख्याखाली झोपायच्या तेव्हा ही अंगणात मच्छर मारत अभ्यास करायची. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं तर ते आपल्याला देता येऊ नये? बरं, सिंधुबाई तर शांत. त्या तूर पाखडत होत्या.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "लेकीला गरज हाय."

"अन् झोपशील कुठं? स्लॅबखाली झोप लागंल का तुला?"

सिंधुबाईंनी सूप थांबवलं, नवऱ्याकडं नीट बघितलं आणि परत पाखडायला लागल्या. "न्हाई लागणार जणू," म्हणाल्या.

झालं! अप्पांनी तिथल्या तिथं ठरवलं. जीप घेऊन दोघं किनवटला जायचं आणि क्वार्टरसमोरच्या मैदानात जीपच्या बाजूला तंबू ठोकून राहायचं. हल्लीची शहरातली पोरं गाडी घेऊन रानात जातात, तंबू लावतात, फोटो काढतात. अप्पांनी लातूरच्या रस्त्यावर बघितली होती. ती हौसेनं करतात, आपण गरजेनं करू.

पण तंबू कसला? इथं खरी मेख होती. वैशाखातलं वारं तुम्हाला ठाऊक आहे. दुपारपर्यंत पान हलत नाही आणि चार वाजता आभाळ काळं होऊन असा सोसाटा सुटतो की विचारू नका. पुनमच्याच लग्नात मांडव उडून शेजारच्या उसात गेला होता आणि वऱ्हाड हातात ताटं घेऊन पळालं होतं. शिवाय भूकंपानंतरचा तो मदतीतला तंबू! एका संध्याकाळी वारं-पाऊस आला, मधला बांबू मोडला आणि ओलं कापड अंगावर बसलं. बाहेर पडायची वाट सापडेना. ते आठवलं की अप्पा अजून उठून पाणी पितात. किनवटला तसं काही झालं तर पुनमची आई त्याच पावलानं परत फिरेल आणि लेक एकटी पडेल, हे अप्पांना स्पष्ट दिसत होतं. तंबू पडता कामा नये. बस.

पहिला तंबू त्यांनी लातुरात गोलाईजवळ ताडपत्रीच्या दुकानातून आणला. चांगला जाडजूड, उभ्या भिंतींचा, खिडक्यांचा, आत माणूस ताठ उभा राहील असा. वजन एवढं की उचलायला दोघं लागत. "जड हाय म्हणजे हलणार न्हाई," हा अप्पांचा हिशेब. घराच्या मागच्या मोकळ्या रानात उभा केला तर लांबून तहसील कचेरीसारखा दिसायला लागला. शेजारचे मलप्पा बघायला आले. मलप्पा म्हणजे अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि अप्पांची फजिती होताना हजर राहणं हा त्यांचा हक्क.

"रामलिंग, झेंडा कुठं लावायलास?" मलप्पांनी विचारलं.

तेवढ्यात वारं सुटलं. फार नाही, बेताचंच. पण ती उभी भिंत फुगली, काळ्या मातीच्या भेगांत ठोकलेले खिळे पटापटा उपटले आणि एवढं वजनदार धूड मलप्पांच्या बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसलं. काट्यांनी चाळण झाली त्याची. मलप्पा पोट धरून हसले, मग चढून काढूही लागले. अप्पांनी त्या तंबूला, दुकानदाराला, बाभळीला आणि मलप्पांना अशा क्रमानं शिव्या दिल्या.

रात्रभर मात्र डोक्यात तेच. एवढा जड असून उडाला कसा? आणि चहा पिता पिता अप्पांच्या ध्यानात आलं. अरे, जीपच्या टपावर लग्नाच्या गाद्या रचल्या की औशाच्या माळावर गाडी आडव्या वाऱ्यात झुलते. गाडी तीच, वजन जास्तच, तरी झुलते. रिकामी असली की गुमान चालते. म्हणजे वजनाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न उंचीचा होता. "अरे माझ्या कर्मा," अप्पा स्वतःला म्हणाले, "उभी हयात ष्टेरिंग धरलं अन् हे कळू नये?"

शिवमनं फोनवर तेच सांगितलं. बुटका घ्या, घुमटासारखा, म्हणजे वारं वरून घसरून जातं. काड्या एकमेकींवरून फुली मारून जाणाऱ्या पाहिजेत आणि त्या ॲल्युमिनियमच्या, फायबरच्या नकोत, फायबरची काडी चिरते. बाहेरचं कापड पार जमिनीपर्यंत यावं, नाहीतर खालून वारं शिरून तंबू फुग्यासारखा उचलतो. नांदेडला अशा सामानाचं एक दुकान आहे, तिथं बघा.

अप्पा नांदेडला गेले. दुकानदार तरणा होता, बिचाऱ्याला कल्पना नव्हती. अप्पांनी दुकानासमोरच्या बोळात एकामागून एक तंबू उभे करायला लावले. प्रत्येकाच्या काड्या वाकवून बघितल्या, शिलाई नखानं उसकून बघितली, दोऱ्या दातात धरून ओढल्या. मग आत जाऊन उताणे पडले आणि आतून चेन लावून बघितली. उघडली. लावली. उघडली. एक तंबू सगळ्या बाबतींत पास झाला, पण त्याला दार एकच होतं.

"दोन दारांचा दाखव."

"काका, एक दार असलं की वाऱ्याला जास्त मजबूत."

"एका दाराची चेन अडकली म्हणजे? आतल्या माणसानं काय करायचं?"

"अडकत नसते हो."

"तू दोन दारांचा दाखव म्हणलं ना! आमच्या मंडळीला घुसमटतं."

दुकानदार घाम पुसत हसला. "काका, खरं सांगा. तुमी वाऱ्यासाठी घेऊन राहिले का पळून जायसाठी?"

अप्पांना ते आवडलं नाही. पण दोन दारांचा, बुटका, तीन काड्यांचा तंबू मिळाला तेव्हा मन निवलं.

घरी आणल्यावर परीक्षा. वाऱ्याची वाट बघायला अप्पांना धीर कुठला? मलप्पांकडं धान्य उफणायचा मोठा पंखा होता, ट्रॅक्टरवर चालणारा, ज्याच्या पुढं उभं राहिलं तर टोपी पार देवळापर्यंत जाते. तो आणून तंबूसमोर लावला. लोहाराकडून हातभर लांब मेखा घडवून घेतल्या होत्या, त्या तिरप्या ठोकल्या. निमुळती बाजू वाऱ्याकडं केली. गावातलं जे जे रिकामं होतं ते जमलं. पंखा सुरू झाला, धुरळा उठला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणाची तरी वाळत घातलेली ओढणी उडून गेली, आणि तंबू? थरथरला, एका अंगाला दबला, आणि राहिला. अप्पा दोन्ही हात कमरेवर ठेवून असे उभे होते की जणू पंखा त्यांनीच छातीनं अडवलाय. मलप्पांनी कबूल केलं, "बाबा, मानलं तुला. बायकोसाठी एवढं कुणी करत नसतं."

सिंधुबाई शेडाच्या दारातून बघत होत्या. त्या हसल्या आणि चुलीकडं वळल्या.

किनवटला पोचले तेव्हा पुनम पायरीवर उभी होती, पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले. आईच्या गळ्यात पडून रडली, मग तंबू बघून हसली, मग परत रडली. गरवार बाईचं काय, दोन्ही बरोबरच चालतं. अप्पांनी मैदान फिरून बघितलं. जमीन मुरमाड, मेखा छान बसल्या. वारं येतं त्या बाजूला जीप आडवी लावली, तिच्या आडोशाला तंबू. बाजूला सागाची झाडं होती, त्यांच्यापासून लांब. शाळेचा राखणदार निवृत्ती येऊन तंबूला प्रदक्षिणा घालून गेला. "साहेब, सर्व्हे हाय का काही?" त्यानं अदबीनं विचारलं.

दिवस बरे चालले. दिवसा सिंधुबाई क्वार्टरमध्ये असत; स्वयंपाक, पुनमचे पाय चेपणं, बाळंतविडा. निजायला तंबूत. अप्पा पायरीवर बसून चहा घेत, जेवणही तिथंच. आत या म्हटलं की म्हणत, "इथं वारं छान लागतं." पुनमनं एकदोनदा बोलावलं, मग सोडून दिलं. लहानपणापासून ती हेच बघत आली होती.

आणि एका दुपारी आभाळ भरून आलं.

अप्पा तंबूत पडले होते. आधी धूळ आली, मग सागाची मोठाली पानं, मग सोसाटा. शाळेच्या स्वयंपाकघराच्या शेडाचा एक पत्रा उचकटून मैदानात आपटत गेला. तंबू दबला, तसाच परत उभा राहिला. एक दोरी तुटली नाही की एक मेख हलली नाही. अप्पांना असा आनंद झाला! ते चेन उघडून बाहेर आले. पाऊस सुरू झाला होता. धावत क्वार्टरच्या पायरीपाशी गेले आणि ओरडले, "पुनमची आई! पुनमला घेऊन ये भायेर! तंबू हलत न्हाई! चल लौकर!"

सिंधुबाई दारात आल्या. मागं पुनम, भिंतीला धरून. "अप्पा, आत या, भिजताय!"

"भायेर या म्हणतो ना! वारं वाढायलंय! वरचं काही आलं म्हणजे?"

"ह्या पावसात गरवार लेकीला भायेर काढू?" सिंधुबाई म्हणाल्या. "काही येत न्हाई वरचं. तुम्ही आत या."

"तुला भ्या वाटत न्हाई का?"

वीज कडाडली. अप्पा पायरीच्या खाली, डोक्यावरून पाणी वाहतंय, आणि एक पाऊल पुढं टाकलं असतं तर कोरड्यात आले असते. ते पाऊल पडत नव्हतं. सिंधुबाईंनी ते बघितलं. त्या पदर डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरल्या आणि नवऱ्याच्या दंडाला धरून पुनमला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलल्या.

"मला कवाच भ्या वाटत नव्हतं."

"काय?"

"घरं वाटल्यावर ते साहेब बघायला आलते, आठवतं? सगळे विचारायलते, घर मिळून तुम्ही अजून पत्र्यात का म्हणून. तुम्ही खाली मान घालून उभे. गडी माणूस, थरथरायलते तुम्ही. मलप्पा भावजी हसतील, गाव हसंल. मग मीच म्हणाले, साहेब, मला भीती वाटती. तेव्हापासून तेच चाललंय."

"खोटं!" अप्पा ओरडले. "खोटं बोलायलीस तू!"

"हाव, खोटं बोलले. पण आज न्हाई. आज लेकीला सोडून मी तंबूत येणार न्हाई. तुमचा तंबू चांगला हाय, तुम्ही निजा त्यात."

आणि त्या वर गेल्या.

अप्पांना राग आला. खरोखर आला. ते तंबूत गेले, दोन्ही चेना खस्सकन लावल्या आणि ओल्या कपड्यांनिशी बसले. बाई म्हणते काय! आपण हिच्यापायी सगळं केलं आणि ही म्हणते काय! पण बाहेर पाऊस वाजत होता आणि आत बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं. तुळजापूरला गेलो तर सगळे धर्मशाळेत आणि आपण जीपमध्ये. चोरटे फार झालेत, गाडी सोडून कसं निजायचं? बहिणीकडं लातूरला गेलो की जेवण अंगणात. आत गरम होतं. थोरला भाऊ दवाखान्यात होता तेव्हा आपण फाटकापाशी. आत गर्दी कशाला? प्रत्येक वेळी कारण तयार. आणि सिंधु कुठं होती? तुळजापूरला ती तर बायकांबरोबर आत निजली होती की! सकाळी छान झोप लागली म्हणून सांगतही होती. ते आपण ऐकलं आणि सोडून दिलं. माणूस किती हुशारीनं स्वतःला फसवतो बघा, आणि पारावर वर मान घेऊन बसतो.

राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते फार वाईट होतं. या बाईचा पंखा, या बाईची फरशी, उन्हाळ्यातली झोप, सगळं आपण खाल्लं. वर तिलाच भित्री ठरवून मान मिळवला. अप्पा तोंडात टॉवेल धरून रडले. तंबू तेवढा घट्ट उभा होता.

पाऊस ओसरला तशी सिंधुबाईंची हाक आली. "अहो! जीप काढा! पुनमच्या पोटात कळा यायल्यात!"

गाडी काढायची म्हटल्यावर अप्पा गडी झाले. तारखेला अजून अवकाश होता, शिवम मुक्कामी गाडीवर, फोन लागेना. रस्त्यावर फांद्या पडलेल्या, निवृत्ती पुढं पळत त्या बाजूला करत होता. अप्पांनी जीप अशी नेली की पुनमला धक्का म्हणून लागला नाही. किनवटच्या दवाखान्यात पोचले. नर्स आणि सिंधुबाई पुनमला धरून आत गेल्या. दारात पुनमनं मान वळवून "अप्पा" अशी हाक मारली आणि दार लागलं. अप्पा बाहेर.

ते जीपमध्ये बसून राहिले. दोनदा उतरले, दोनदा पायरीपर्यंत गेले. मान वर केली की तो पोर्चचा स्लॅब, पावसानं ओला, काळपट. छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं आणि पाय मागं यायचे. लेक आत ओरडत होती, ते ऐकू यायचं. देवाला सांगून झालं, स्वतःला शिव्या देऊन झाल्या.

उजाडल्यावर सिंधुबाई पोर्चमध्ये आल्या. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, चेहरा मात्र असा की अप्पांना विचारायची गरजच पडली नाही.

"नात झाली. दोघी बऱ्या हायत."

अप्पांचे हात आपोआप जोडले गेले. "दाव की मला," ते म्हणाले. "आण जरा भायेर. लांबूनच बघतो."

"भायेर?" सिंधुबाई म्हणाल्या. "पावसाचं गार वारं सुटलंय. आत्ताचं लेकरू ते, वारं लागंल त्याला. मी आणणार न्हाई. पुनमचे कानही बांधलेत मी."

अप्पांनी आभाळाकडं बघितलं. वारं खरंच सुटलं होतं.

"मी धरते हात," सिंधुबाई म्हणाल्या. "कुणी बघायलं न्हाई."

अप्पांनी चप्पल काढली. बायकोचा हात धरला, लहान मूल धरतं तसा, अख्ख्या मुठीनं. डोळे मिटले. पायरी चढली. दुसरी चढली. ओसरीत फिनेलचा वास आला, मग कुणाच्या तरी लेकराचं रडणं. सिंधुबाई म्हणत होत्या, "चला. चला. मी हाय." तळहाताला घाम फुटला होता. एका ठिकाणी ते थांबलेच. सिंधुबाई पण थांबल्या, घाई केली नाही. मग परत चालले.

"अप्पा!" पुनमचा आवाज. त्यांनी डोळे उघडले. कानाला फडकं बांधलेली लेक खाटेवरून त्यांच्याकडं बघत होती, जणू भिंतीतून माणूस बाहेर आलाय. "अप्पा, तुम्ही आत आले?"

दाराच्या अगदी जवळचं स्टूल पकडून अप्पा बसले. एकदा वर बघितलं. छत होतं. अंग शहारलं, उठायलाच झाले होते, तेवढ्यात सिंधुबाईंनी फडक्यात गुंडाळलेलं ते इवलंसं ओझं त्यांच्या मांडीवर ठेवलं. तांबडं लाल तोंड, मिटलेले डोळे, नाकाचा शेंडा थेट पुनमसारखा. तिनं जांभई दिली. अप्पांना हसू आलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मान खाली गेली ती वर आलीच नाही.

बराच वेळ गेला. सिंधुबाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "बास झालं," त्या हळूच म्हणाल्या. "लई केलं तुम्ही. द्या तिला इकडं, अन् जा तुम्ही भायेर, मोकळ्यात बसा जरा."

अप्पांनी मान हलवली. कोपर तसूभर न हलवता ते कुजबुजले, "आता कसं उठू? झोपलीय ना ती."